तरणा सेंटर घेतला तर पडका संघ उभा राहील का? ड्राफ्टआधी घरबसल्या तपासायची पद्धत

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या सॅन अँटोनिओ स्पर्सने २०२३ च्या ड्राफ्टमध्ये (संघांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायचा वार्षिक कार्यक्रम) पहिल्या क्रमांकावर व्हिक्टर वेंबान्यामा हा सेंटर, म्हणजे रिंगपाशी खेळणारा उंच खेळाडू, घेतला. त्याआधीच्या हंगामात त्यांचे २२ विजय आणि ६० पराभव होते. तो आल्यानंतरच्या हंगामातही २२ विजय आणि ६० पराभवच. तरीही ती निवड चुकली असं बास्केटबॉल कळणारा कुणीही म्हणणार नाही. एनबीए नव्याने पाहू लागलेला माणूस इथेच गोंधळतो. आपला संघ तळाला, समोर सात फुटांच्या वरचा पोरगा, तो घेतला की पुढच्या वर्षी सगळं मार्गी लागेल असं त्याला वाटतं. पी हळद अन् हो गोरी! तसं होत नाही. का होत नाही आणि कधी होऊ शकतं, हे एका रविवारी कागद-पेन घेऊन तपासता येतं.

हाताशी काय हवं

- संघाची मागच्या दोन हंगामांची आकडेवारी. बास्केटबॉल रेफरन्स या संकेतस्थळावर ती फुकट मिळते. त्यातले तीनच आकडे लागतात: सामन्यामागचा सरासरी गुणफरक, आणि १०० पझेशनमागे (पझेशन म्हणजे चेंडू एका संघाकडे असण्याची एक पाळी) केलेले व दिलेले गुण.
- संघातल्या खेळाडूंच्या करारांची यादी: कोण किती वर्षं बांधलेला आहे, कोण सुटतोय.
- त्या पोराचे किमान दोन पूर्ण सामने. हायलाइट्स चालणार नाहीत. हायलाइट्समध्ये कुणी मागे धावायला उशीर करत नाही.
- ड्राफ्ट पाहायचाच असेल तर पहाटेचा गजर. न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे ८ म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेपाच.

१. संघ नेमका कशाने हरतोय ते आधी शोधा

विजय-पराभव बाजूला ठेवा आणि गुणफरक बघा. ढोबळ हिशेब असा: ८२ सामन्यांच्या हंगामात सरासरी फरक शून्य असेल तर ४१ विजय, फरकाच्या प्रत्येक गुणामागे साधारण अडीच विजय वर किंवा खाली.

हा हिशेब स्पर्सला लावा. २०२२-२३ मध्ये ते सामन्यामागे सुमारे १० गुणांनी हरत होते. म्हणजे ४१ वजा २५, १६ विजय व्हायला हवे होते; झाले २२. चुरशीचे काही सामने त्यांच्या पदरात पडले होते. वेंबान्यामाच्या पहिल्या वर्षी फरक सुमारे साडेसहावर आला. हिशेबाने २५ विजय व्हायला हवे होते, झाले २२. थोडक्यात, संघ साडेतीन गुणांनी सुधारला आणि तक्त्यात तसूभरही हलला नाही. सुधारणा खरी होती. आदल्या वर्षीचं नशीब तेवढं वजा झालं. तुमच्या संघाचं गेल्या वर्षी असं काही झालं होतं का, ते आधी बघून घ्या, नाहीतर पुढच्या वर्षी बिचाऱ्या पोराच्या नावाने खडे फोडाल.

मग दिलेले गुण बघा. ३० संघांत बचावात संघ तळाच्या पाचात असेल तर चांगला सेंटर तिथे लगेच उपयोगी पडू शकतो. बचाव बरा आणि आक्रमणच मरतुकडं असेल, तर उंच पोरगा हे त्यावरचं पहिलं औषध नाही. १९-२० वर्षांचा सेंटर स्वतःहून चेंडू आणून, बचाव फोडून, स्वतःच गुण करील ही अपेक्षा वेंबान्यामाकडूनही पहिल्या महिन्यात पुरी झाली नव्हती.

२. क्रमांक तुमच्या हातात नाही

तळाच्या संघाला पहिला क्रमांक मिळतोच हा गैरसमज. २०१९ पासून सगळ्यात वाईट तीन संघांना पहिल्या क्रमांकाची प्रत्येकी १४ टक्केच संधी असते. लॉटरीने, म्हणजे ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीने, फक्त पहिले चार क्रमांक ठरतात, त्यामुळे तळाचा संघ पाचव्यापर्यंत घसरू शकतो. डेट्रॉईट २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षं तळाला राहून दोन्ही वेळा पाचव्यावर गेलं. २०२५ मध्ये डॅलसने १.८ टक्के संधीवर पहिला क्रमांक मारला.

म्हणून एकाच नावावर जीव टांगू नका. पाचवा क्रमांक आला तर कोण, हेही लिहून ठेवा. सेंटर खालीही मिळतात: रुडी गोबेर २०१३ मध्ये २७वा गेला, निकोला योकिच २०१४ मध्ये ४१वा.

३. पोराचे गुण मोजू नका, या गोष्टी मोजा

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे सामन्यामागचे गुण. जाहलिल ओकाफोर २०१५ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर फिलाडेल्फियाला गेला आणि पहिल्याच हंगामात सामन्यामागे १७.५ गुण केले. संघ? १० विजय, ७२ पराभव. वाईट संघात कुणाला तरी गुण करावेच लागतात. त्याऐवजी हे बघा:

*फाउल.* एनबीएत सहाव्या फाउलला खेळाडू बाहेर जातो, पण तिसरा फाउल पहिल्या अर्ध्यातच झाला तर प्रशिक्षक आधीच बाकावर बसवतो. नवखे सेंटर इथे हमखास अडकतात. जॅरन जॅक्सन ज्युनियर २०१८-१९ मध्ये मेम्फिससाठी सामन्यामागे २६ मिनिटं खेळायचा आणि जवळजवळ ४ फाउल करायचा. कॉलेजचा सामना ४० मिनिटांचा असतो, एनबीएचा ४८ चा. म्हणून आकडा नेहमी मिनिटांच्या प्रमाणात काढा.

*फ्री थ्रो.* म्हणजे फाउलनंतर कुणी न अडवता मारायला मिळणारी फेक. पुढे बाहेरून नेम लागेल का, याचा अंदाज कॉलेजमधल्या तीन-गुणी फेकींपेक्षा फ्री थ्रोवरून चांगला येतो. फ्री थ्रो शे-दीडशे तरी असतात, तीन-गुणी फेकी कधीकधी तीस-चाळीसच. त्यात कॉलेज आणि युरोपची रेषा एनबीएच्या रेषेपेक्षा जवळ आहे. एनबीएत मधोमध अंतर २३ फूट ९ इंच. तिकडे सुमारे २२ फूट पावणेदोन इंच.

*तीन सेकंदांचा नियम.* हा बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. एनबीएत बचाव करणारा खेळाडू, हाताच्या अंतरावर कुणाला धरलेलं नसेल तर, रिंगखालच्या रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त उभा राहू शकत नाही. राहिला तर समोरच्याला एक फ्री थ्रो आणि चेंडूही त्यांचाच. अमेरिकन कॉलेजात आणि आंतरराष्ट्रीय सामन्यांत हा नियम नाही. तिथे सेंटर रिंगखाली खांबासारखा उभा राहून ब्लॉकचा (समोरच्याची फेक हवेत अडवण्याचा) ढीग लावू शकतो. तुमच्या पोराचे ब्लॉक तसे उभ्या-उभ्या आलेत की बाहेरून आत येऊन, हे सामना बघूनच कळेल.

*उंचीपेक्षा हात.* उभं राहून वर केलेला हात कुठवर पोचतो आणि दोन्ही हात पसरले की किती भरतात, हे दोन आकडे बुटाशिवायच्या उंचीसोबत लिहा. नुसत्या उंचीने काम भागत नाही, हे आपल्यालाही ठाऊक आहे. पंजाबचा ७ फूट २ इंचांचा सतनामसिंग भामरा २०१५ मध्ये ५२व्या क्रमांकावर डॅलसने घेतला. भारतात जन्मलेला तो पहिलाच. पण एनबीएच्या नियमित हंगामात एकही सामना त्याला खेळायला मिळाला नाही.

४. एकच चाल वीस वेळा बघा

वेळ कमी असेल तर बाकी सगळं सोडा, हे करा. सामना लावा आणि समोरच्या संघाचा पिक-अँड-रोल आला की थांबवा. गार्ड (चेंडू पुढे आणणारा, पास देणारा खेळाडू) चेंडू घेऊन तीन-गुणी रेषेपाशी आहे, त्याचा साथीदार येऊन आडवा उभा राहतो, गार्ड त्याच्या खांद्याला घासून आत वळतो. आता तुमच्या पोराकडेच बघा, चेंडू विसरा.

तो फ्री थ्रो रेषेच्या आसपास मागे सरकून उभा असेल, तर त्याच्यासमोर दोन माणसं येतात: चेंडूवाला आणि रिंगकडे पळणारा. चांगला पोरगा दोघांच्या मधे अर्धवट राहतो, गुडघे वाकलेले, एक हात चेंडूकडे, एक पासच्या वाटेत. गार्डला वाटतं आता आत जाता येईल, मग वाटतं पास देता येईल, आणि शेवटी बारा फुटांवरून अवघड फेक घ्यावी लागते. समोरच्याला घ्यायला लावायची तीच फेक. कच्चा पोरगा टाचांवर उभा असतो. गार्डने खांदा हलवला की पुढे झेपावतो, आणि पाठीमागून पास जाऊन डंक (चेंडू वरून थेट रिंगमध्ये कोंबणं) होतो. पुढे फेक चुकली तर तो पुन्हा उडी मारू शकतो का, की पहिल्या उडीनंतर खाली यायला वेळ लागतो, तेही बघा.

वीस वेळांच्या नोंदी करा: डंक किंवा लेअप (रिंगजवळची सोपी फेक) दिला, फाउल केला, अवघड फेक घ्यायला लावली. यात तिसरा रकाना सर्वांत भरलेला असेल तर पहिल्याच वर्षी बचावाला हात लागेल. सामन्याच्या शेवटच्या आठ मिनिटांतले नमुने नक्की घ्या. दमल्यावर माणूस खरा दिसतो.

५. त्याला चेंडू देणार कोण?

सेंटरचं अर्धं आक्रमण गार्डच्या हातात असतं. रिंगकडे पळणाऱ्या माणसाला योग्य क्षणी, योग्य उंचीवर पास मिळाला नाही तर तो नुसता पळत राहतो.

फिनिक्स सन्सनी २०१८ मध्ये डिआंद्रे एटनला पहिला घेतलं. पोराने सामन्यामागे १६ च्या वर गुण आणि १० रिबाउंड (चुकलेल्या फेकीनंतर पकडलेले चेंडू) काढले, पण संघ २१-६१ (विजय-पराभव) वरून १९-६३ वर गेला. पॉइंट गार्डची, म्हणजे चेंडू आणून खेळ मांडणाऱ्याची, जागा जवळजवळ मोकळी होती. डेव्हिन बुकरलाच चेंडू आणावा लागे. २०१९ ला रिकी रुबियो आला, संघ ३४-३९ वर पोचला. २०२० ला ख्रिस पॉल आला आणि तोच एटन असलेला संघ ५१-२१ करून अंतिम फेरीत गेला. (लुका डोंचिच त्याच ड्राफ्टमध्ये तिसरा गेला होता हे सन्सच्या चाहत्यांसमोर काढू नका.)

स्पर्सचंही तेच. २०२३-२४ च्या सुरुवातीला त्यांनी मुळात फॉरवर्ड असलेल्या जेरेमी सोहानला पॉइंट गार्ड करून बघितलं आणि वेंबान्यामाला झॅक कॉलिन्सच्या शेजारी चार नंबरला (सेंटरऐवजी फॉरवर्डच्या जागी) खेळवलं. मधे सलग १८ सामने हरले. डिसेंबरमध्ये वेंबान्यामा सेंटरला आला, जानेवारीत ट्रे जोन्स हा खरा पॉइंट गार्ड सुरुवातीला खेळू लागला, आणि मग पोराचा खेळ खुलला. पुढच्या वर्षी तिथेही ख्रिस पॉलच आला, संघ ३४-४८.

तपासणी सोपी आहे. करारांच्या यादीत असा एक तरी गार्ड आहे का, जो चेंडू घेऊन दोन माणसं अंगावर घेतो आणि तरी पास देतो? नसेल तर भाकितातून पहिल्या वर्षाची मोठी उडी खोडून टाका. उलट ओक्लाहोमा सिटीत चेट होमग्रेन २०२३ मध्ये पहिल्यांदा उतरला तेव्हा शाय गिल्जस-अलेक्झांडर तयार होता. ४०-४२ चा संघ एकदम ५७-२५ झाला. पण तो संघ पडका नव्हता, सेंटरवाचून अडलेला होता. हा फरक विसरू नका.

६. आधीचा सेंटर आहे का?

फिलाडेल्फियाने नोएल, एम्बीड आणि ओकाफोर असे तीन तरणे सेंटर लागोपाठच्या तीन ड्राफ्टमध्ये जमवले. रिंगखाली जागा एकच, मिनिटं ४८ च. एम्बीड राहिला, बाकी दोघे कवडीमोलाने गेले.

दोन उंच माणसं एकत्र चालतात, पण त्यातल्या एकाला बाहेर येऊन गार्डसमोर पाय हलवता यायला हवेत. क्लीव्हलंडकडे जॅरेट अ‍ॅलन असताना २०२१ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर त्यांनी एव्हन मोबली घेतला. अ‍ॅलन रिंगपाशी, मोबली बाहेर. ७२ सामन्यांच्या हंगामातला २२-५० चा संघ ४४-३८ झाला. तिथेही डॅरियस गार्लंड हा गार्ड होता, आणि त्या उन्हाळ्यात आणलेला दुसरा गार्ड कोण, तर पुन्हा रुबियो!

७. शरीराचा हिशेब

उंच पोराचं पाऊल, गुडघा आणि पाठ या तीन जागा. ग्रेग ओडन २००७ चा पहिला. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे पूर्ण पहिला हंगाम गेला, आणि पोर्टलंडसाठी तो एकूण ८२ सामने खेळला, म्हणजे जेमतेम एका हंगामाइतके. एम्बीड पावलाच्या हाडामुळे पहिले दोन हंगाम बाहेर. होमग्रेनचा पहिला हंगाम पावलाच्या दुखापतीने गेला. जेम्स वाइझमन कॉलेजात तीनच सामने खेळून २०२० मध्ये दुसरा गेला. पहिल्या वर्षी ३९ सामने, मग गुडघा, मग पुढचा पूर्ण हंगाम शून्य.

पहिली वर्षं धडधाकट गेली म्हणून निर्धास्त होऊ नका. याओ मिंग पहिल्या तीन हंगामांत ८२, ८२, ८० सामने खेळला; पावलं त्यानंतर गेली. आणि सगळं सांध्यांचंच असतं असंही नाही: वेंबान्यामाचा दुसरा हंगाम फेब्रुवारी २०२५ मध्ये उजव्या खांद्यातल्या रक्ताच्या गाठीमुळे ४६ सामन्यांवर संपला.

भाकीत करताना सामने ८२ धरू नका, ६० धरा. पावलाची जुनी दुखापत असेल तर ४५. हा आमचा अंदाजपंचे आकडा आहे, पण ८२ पेक्षा नक्कीच शहाणा.

८. आता कागदावर मांडा

समजा संघाचा फरक उणे ८ आहे. ४१ वजा २०, म्हणजे २१ विजय. चौथ्या पायरीच्या नोंदींवरून पोरगा खेळेल तेव्हा बचाव ३ गुणांनी सुधारेल असं वाटतं. तो ८२ पैकी ६० सामने खेळणार, आणि ४८ पैकी ३० मिनिटं. ३ गुणिले पाऊण, गुणिले सुमारे ०.६: हाती आला जेमतेम १.४ गुण. म्हणजे साडेतीन विजय. २१ चे २४-२५. नवख्यांना हा आकडा पाहून धक्का बसतो, पण गार्ड न बदलता केलेलं हेच प्रामाणिक भाकीत आहे.

मैदानावर असताना आणि नसताना असा फरक एम्बीडच्या बाबतीत उघड दिसला. २०१६-१७ मध्ये तो ३१ सामने खेळला, तेही मिनिटं मोजून, सरासरी २५. त्या ३१ मध्ये संघ १३-१८. उरलेल्या ५१ मध्ये १५-३६. शेवटी तक्त्यात २८-५४ एवढंच उरलं. वर्षभराने बेन सिमन्सही उतरला आणि संघ ५२-३० झाला.

९. जुने दाखले वापरताना

‘टिम डंकन आला आणि स्पर्स २०-६२ वरून ५६-२६’ हे वाक्य तुम्हाला शंभरदा ऐकवलं जाईल. आकडे खरे आहेत, दाखला चुकीचा. १९९६-९७ मध्ये त्यांचा मुख्य सेंटर डेव्हिड रॉबिन्सन दुखापतीमुळे सहाच सामने खेळला होता. त्याच्या आदल्या वर्षी हाच संघ ५९-२३ होता. १९९७ ला डंकन आला तसा रॉबिन्सनही परतला. शिवाय डंकन चार वर्षं कॉलेज खेळून, २१ वर्षांचा होऊन आला होता. खुद्द रॉबिन्सनच्या वेळची २१-६१ वरून ५६-२६ ही उडीही तशीच: १९८७ ला निवडलेला, नौदलातली सेवा करून १९८९ ला आलेला २४ वर्षांचा गडी, आणि त्याच उन्हाळ्यात टेरी कमिंग्ज व शॉन इलियटही संघात.

आजचा पोरगा बहुधा १९ चा असतो. त्याच्याशी तुलना करायची तर अँथनी डेव्हिसशी करा. २०१२ नंतरचे न्यू ऑर्लिन्सचे तीन हंगाम: २७-५५, ३४-४८, ४५-३७. बाद फेरी तिसऱ्या वर्षी.

१०. कागद कधी उघडायचा

जुलैमध्ये लास व्हेगासच्या समर लीगमध्ये (नव्या पोरांचे उन्हाळी सामने) चांगला-वाईट कसाही खेळला तरी कागदाला हात लावू नका. समोर निम्मे खेळाडू एनबीएत कधीच येणार नसतात. पहिल्या २० सामन्यांनंतर फक्त फाउल आणि मिनिटं तपासा. फेब्रुवारीत गुणफरक बघा.

खरी मुदत तिसऱ्या हंगामानंतरच्या उन्हाळ्यात येते. पहिल्या फेरीतल्या खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो: पहिली दोन वर्षं पक्की, तिसरं-चौथं संघाच्या मर्जीवर. तीन हंगाम झाले की मुदतवाढ देता येते आणि दरवर्षीचा पैसा कित्येक पटींनी वाढतो. सन्सनी २०२१ मध्ये अंतिम फेरी खेळलेल्या एटनला ती दिली नाही. पुढच्या उन्हाळ्यात इंडियानाने त्याच्यापुढे चार वर्षांचे सुमारे १३.३ कोटी डॉलर ठेवले, सन्सना तेवढेच मोजून त्याला राखावं लागलं, आणि २०२३ मध्ये तो पोर्टलंडला गेला. त्या उन्हाळ्यासाठी कागदावर एक रकाना आत्ताच मोकळा ठेवा.